चिरेखाण : चित्रमालिकेच्या प्रकल्प नोंदी

18 फेब्रुवारी 2024

मालिकेसाठी सहा कॅनव्हास ताणून झाले, प्रत्येकी 56 बाय 36 इंच. माप घराच्या भिंतीतून घेतलं. आमच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 रुंद आणि 7 उंच आहे. त्याची लांबी-रुंदी चौपट केली. चौकट उभीच ठेवणार. आडवी ठेवली की दोन रंग कुठेही भेटले तरी तिथे क्षितिज तयार होतं आणि बघणारा त्यात समुद्र शोधायला लागतो.

विषय कुडाळजवळच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बंद चिरेखाण. बाबांची उमेदीची वर्षं तिथे गेली. आधी हाताने चिरे काढण्यात, पुढे मशीन आल्यावर मशीनमागे. खाणीचं दृश्य मला रंगवायचं नाही. तिच्या काठावर उभं राहिलं की पोटात जे कालवतं, ते कॅनव्हासवर कोणत्या वाटेने येतं ते बघायचं आहे. दुःखाला निळा, आठवणीला पिवळा असलं कोष्टक मनातसुद्धा नको.

स्टुडिओ रिकाम्या गोठ्यात मांडला. उत्तरेकडच्या उतारावरची काही कौलं काढून तिथे काचेची बसवून घेतली. उजेड सारखा पडतो.

3 मार्च

सकाळी खाणीवर गेले, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले. स्केचबुक नेलंच नव्हतं. वहीत फक्त शब्दांत उतरवलं :

वरचा थर काळपट, खडबडीत, दगडफुलाने माखलेला. त्याखाली हातभर विटकरी, भोकाभोकांचा. भोकांत पिवळी भुकटी, बोट घातलं की नखात येते. आणखी खाली दगड मऊ आणि फिकट होत जातो, जांभळट पांढरे डाग लागतात. मशीनच्या पात्याचे वळणदार चरे सगळ्या भिंतीभर. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे काळे पट्टे. तळाला अजून गुडघाभर पाणी.

दगडाबद्दल जे वाचलेलं होतं ते तिथे बसल्यावर नीट उमगलं. लाखो वर्षांच्या उन्हापावसात बेसॉल्टमधली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. जांभा हा मुळात बाकीचं सगळं निघून गेल्यावर उरलेला दगड आहे. माणसांनी येऊन त्यातूनही चिरे काढून नेले. आसपासच्या वाड्यांतली घरं, शाळेची इमारत, विहिरींचे कठडे, देवळाचा गडगा, या सगळ्यांची मिळून झालेली पोकळी म्हणजे ही खाण. बाबांनी इतकी वर्षं घाम गाळला, आणि त्याचा माग म्हणून त्या जागेवर काहीही उरलेलं नाही. जे आहे ते दुसऱ्यांच्या भिंतींत. माझ्या पोटात कालवतं ते इथे.

म्हणून मालिकेचा एकच नियम ठरवला : कोणतंही चित्र रंग लावून संपवायचं नाही. लावायचा आणि काढायचा, आणि शेवटचा हात काढण्याचाच.

21 मार्च

रंग तयार करण्यात हे दिवस गेले आणि ते मला हवेच होते. ट्यूबमधला रेड ऑक्साइड वाईट नाही, पण तो सगळीकडे एकसारखा बसतो. मला खाणीतलाच हवा आहे.

तांबड्या दगडाची भुकटी खलबत्त्यात कुटली, मलमलीतून गाळली, बादलीभर पाण्यात ढवळली. क्षणभर थांबलं की जड खडा तळाला बसतो. तेवढ्यात वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं. पुन्हा ढवळायचं, पुन्हा ओतायचं. शेवटच्या बादलीत रात्रभर जो गाळ बसतो तो इतका मऊ असतो की चिमटीत धरला तरी कळत नाही. तो परातीत उन्हात वाळवला. मग जाड काचेवर थोडं थोडं जवसाचं तेल घालत काचेच्या घोट्याने घोटला. आधी करकर आवाज येतो, मग तो बारीक होत जातो, आणि रंग तयार झाला की आवाज थांबतो. डोळ्यांआधी कानांना कळतं.

दगडाच्या भोकांतली पिवळी भुकटी वेगळी जमवली होती. ती लोखंडी तव्यावर घालून चुलीवर ठेवली. या पिवळ्यातलं लोह पाणी धरून असतं. चांगली आच लागली की ते पाणी निघून जातं आणि रंग तांबडा होतो. बर्न्ट सिएना असाच करतात. तव्याच्या मध्यावर आधी तपकिरी कडं उमटलं, ते पसरत गेलं, मधोमध विटकरी झालं, काठावर शेवटपर्यंत पिवळं राहिलं. उलथनं फिरवायचा धीरच झाला नाही. पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या सगळ्या छटा एका तव्यावर, आणि त्याही पाणी निघून गेल्यामुळे. आता चार बाटल्या भरल्यात : कच्चा पिवळा, अर्धा भाजलेला, पूर्ण भाजलेला, आणि दगडाचा मूळ तांबडा.

9 एप्रिल, गुढीपाडवा

पहिल्या कॅनव्हासवर हात घातला. सर्वांत खाली टायटॅनियम व्हाइट आणि चिमूटभर पिवळा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. तो वाळल्यावर अर्धा भाजलेला पिवळा. त्यावर तांबडा. तेलाचं प्रमाण थरागणिक वाढवत नेलंय. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर पुढे तडे जातात.

काढण्याच्या पद्धती आजमावल्या. पॅलेट नाइफने खरवडलं तर कडेला रंगाची वरंबी उभी राहते, हाताचा आवेग दिसतो. चिंधीने पुसलं तर सगळंच धूसर होतं. सर्वांत जास्त भावला तो कागद. हवा तो आकार कापायचा, ओल्या रंगावर ठेवायचा, वरून रोलर फिरवायचा आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलायचा. कागदाबरोबर रंग निघून येतो, पण सगळा नाही. खालचा पिवळा डोकावतो, त्यावर तांबड्याचे बारीक कण आणि शिरा राहतात. किती राहावं हे पूर्णपणे हातात नसतं. वर्तमानपत्राची शाई रंगात उतरते. बटर पेपर फार कमी उचलतो. जुन्या कालनिर्णयची पानं उत्तम.

2 मे

मोरजीला जाऊन आले, मोरजाईच्या देवळातलं कावी काम बघायला. गोव्यात, आपल्या दक्षिण कोकणात आणि खाली कारवारकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर हे काम आढळतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावीच्या लाल मातीचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने कोरून, खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, हत्ती, देवदेवता, सगळं दिसतं ते लाल काढून टाकल्यामुळे.

खूप जवळून बघितलं. एका वेलीच्या पानाच्या टोकाशी कोरणाऱ्याचा हात किंचित पुढे सरकला आहे. रेघ पानाबाहेर गेलीय आणि त्याने ती तशीच ठेवलीय. लाल परत भरता येत नाही, चुना तोवर आवळला असणार. ती रेघ बघताना मला भरून आलं. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण त्याच्या मनगटाची हालचाल मात्र आज जशीच्या तशी समोर आहे. चित्रात भावना असते म्हणतात ती मला अशा ठिकाणी भेटते. देवीच्या चेहऱ्यावरचा भाव त्याने ठरवून आणला असेल. ही रेघ ठरवून आलेली नाही.

24 मे

उकाडा. रंग कॅनव्हासवर लवकर ओढतो, म्हणजे वाळायला लागतो; सोलायला वेळ कमी मिळतो. दुसरा आणि तिसरा कॅनव्हास मूळ थरांपर्यंत आणून ठेवले. हिरवा वापरायचा नाही हे पक्कं केलं. पाण्याची आठवण हवी असेल तर तांबड्याशेजारी साधा करडा लावायचा. लालाच्या संगतीत करडा आपोआप हिरवट दिसतो. डोळा ते करतो, मी कशाला करू?

16 जून

पाऊस धरला. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. पण अशा गारव्यात आणि ओलीत त्याचाही वेग पार मंदावतो. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत हाताला न लागणारा थर आता आठवडा उलटला तरी चिकट आहे. कॅनव्हासच्या पाठीमागे बुरशी धरू नये म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवले, खाली कोळशाची घमेली.

बाबा काठी टेकत गोठ्यात आले. पहिल्या कॅनव्हाससमोर बराच वेळ उभे. हात लावू का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. बोटाला तांबडा लागला तो अंगठ्याने चोळून बघितला.

“सुकाक टायम लागतलो गो. नवो चिरो काढलो काय लगेच बांधूक घेनत नाय. थोडो वारो-ऊन लागाक होया.”

खरं आहे. जांभा जमिनीत मऊ असतो, म्हणून तर तो कापता येतो. बाहेर काढून उघड्यावर ठेवला की कडक होत जातो. बाबांनी माझ्या चित्राकडे चिऱ्याच्या नजरेने बघितलं, त्याचा मला फार आनंद झाला. वाळण्याची घाई सोडली. पावसाळ्यात फक्त कागदावर काम.

28 जुलै

कागदावर मशीनच्या चऱ्यांच्या रेघा काढून बघतेय. शाई, बोरू, फूटपट्टी. रेघ आली की चित्रकार नसरीन मोहम्मदी आठवतातच. किहीमच्या किनाऱ्याशी त्यांचं जुनं नातं, 1990 मध्ये त्या गेल्याही तिथेच. शाई आणि पेन्सिलीच्या सरळ रेघांतून त्यांनी जे उभं केलं त्यात वाळूही आहे, भरती-ओहोटीही आहे, आणि पाहायला गेलं तर दोन्ही नाहीत. हात हळूहळू ऐकेनासा झालेला असताना त्यांच्या रेघा अधिकाधिक नेमक्या होत गेल्या. त्या शिस्तीपुढे मी नेहमी नमते.

माझ्या रेघा मात्र चरे दाखवतात, त्यापलीकडे जात नाहीत. मालिकेत रेघ नको. चरा हवा असेल तर तो सोलताना पडेल.

19 सप्टेंबर

गणपती झाले, चाकरमानी परतले. घर भरलेलं होतं तेव्हा गोठ्यातही सगळे डोकावून गेले. मुंबईच्या एका काकांनी तिसऱ्या कॅनव्हासमध्ये फुटकी भिंत बघितली, आतेबहिणीच्या लहान मुलीने भाजलेली पोळी. दोघांनाही मी काही सांगितलं नाही. बघणाऱ्याला आधी अर्थ सांगून टाकणं मला त्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं वाटतं.

सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवं फुलली आहेत. खाण काठोकाठ.

2 नोव्हेंबर, पाडवा

आज अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची जन्मशताब्दी. 2 नोव्हेंबर 1924, नागपूर. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात, 1948 मध्ये जे. जे. तून पदविका. आज काम न करता दिवसभर त्यांच्या चित्रांची छापील पानं पुढे घेऊन बसले.

त्यांच्याबद्दल दोन प्रकारे बोललं जातं आणि दोन्ही ऐकून मला त्रास होतो. एक लिलावाचे आकडे. 2021 मध्ये त्यांचं एक चित्र जवळजवळ 40 कोटींना गेलं, तेव्हा ज्यांनी ते नुसतं बघितलंही नव्हतं तेही त्यावर बोलत होते. दुसरं म्हणजे साधुत्व : झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, निजामुद्दीनमधली एकांताची खोली. ते सगळं खरं आहे. पण त्यात एक राहून जातं, की हा माणूस रोलर, पॅलेट नाइफ आणि कापलेले कागद घेऊन रंग लावत होता, दाबत होता, उचलत होता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांच्या या कागद दाबून रंग उचलण्याच्या पद्धतीवर बारकाईने बोललं गेलं. ती शांतता हातांनी तयार केलेली होती. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. उरलेला वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसण्याचा, विचाराचा. आणि मग जे व्हायचं त्यात रंग आतून उजळल्यासारखा दिसतो, कारण खालचा थर वरच्यातून कुठे कुठे मोकळा सोडलेला असतो.

1984 च्या अपघातानंतर काही काळ त्यांना मोठे कॅनव्हास हाताळता येईनात. तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. कुठल्या तरी अनोळखी लिपीतली अक्षरं वाटावीत अशी. शरीर थांबलं तर कामाचा आकार बदलला, बघणं तेच राहिलं. बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना असं दुसरं काही उरलं नव्हतं. हे लिहिताना हात थोडा थांबला.

कागदाने रंग उचलण्याची वाट त्यांची आहे, आणि ती त्यांची म्हणूनच मी चालते. माझ्याकडे जोडीला खाण आहे. त्यांच्याकडे काढल्यानंतर उजेड उरतो. माझ्याकडे पोकळी उरायला हवी, जिच्या कडा अजून धारदार आहेत.

8 डिसेंबर

हवा कोरडी झाल्यापासून रोज काम. चौथ्या कॅनव्हासची नोंद सविस्तर ठेवते, कारण मालिका याच्यात जमून आली.

खाली तिन्ही पिवळे-तांबडे थर पूर्ण वाळलेले. त्यावर करड्याचा जाडसर थर रोलरने सगळीकडे, कडेपासून कडेपर्यंत. इथे चित्रकार प्रभाकर कोलते मनात होते. ते आमच्या याच तालुक्यातले, नेरूरपारचे. त्यांच्या कितीतरी चित्रांत एक मोठा रंग सगळं व्यापून बसतो आणि मधेच छोट्या फटींतून खालची गजबज दिसते. मला फटी नको होत्या. मोठा भाग एकदमच जायला हवा होता.

14 बाय 9 चे कागद कापले, चिऱ्याच्या खऱ्या मापाचे. करडा अर्धवट ओढल्यावर ते खालून वर, एकाला एक लावून ठेवत गेले. रोलर फिरवला. मग वरून खाली सोलायला सुरुवात, ज्या क्रमाने खाणीत चिरा निघतो त्या क्रमाने. पहिल्या कागदाबरोबर करडा जवळपास पूर्ण आला. पुढच्याला चिकटपणा कमी पडला, कागद अर्ध्यावर फाटला, करड्याचा एक जाड पापुद्रा तसाच राहिला. दोन कागदांच्या सांध्यात रंगाच्या बारीक भिंती उभ्या राहिल्या. खाली तांबडा, आणि त्याच्यालगत उरलेला करडा इतका हिरवट दिसू लागला की मी दोनदा पॅलेट तपासली. खालच्या डाव्या बाजूचे कागद शेवटी राहिले. तिथे हात गेला, आणि मी ते सोलले नाहीत. काठ उचलून परत दाबले, थोड्या वेळाने अलगद काढले, तेव्हा करडा जागचा फारसा हललाच नाही. तो कोपरा खाणीतल्या त्या बाजूसारखा झाला जिथलं काम अर्धवट सोडून मशीन नेली होती. ठरवलं नव्हतं. पण हात तिथे का अडला ते मला ठाऊक आहे : त्या बाजूला बाबांनी शेवटचं काम केलं होतं.

संध्याकाळी त्यांना घेऊन आले. खुर्ची दिली. खूप वेळ बघितल्यावर त्यांनी काठीने मधल्या उघड्या भागाकडे दाखवलं.

“हयसर आधी काय होतां?”

आजवर माझ्या चित्रांसमोर लोकांनी हे काय आहे असं विचारलंय. तिथे आधी काय होतं, असं कुणी विचारलेलं नव्हतं. मी त्यांना सगळे थर सांगितले, खालपासून. पिवळा त्याच भोकांतला, तव्यावर भाजलेला, तांबडा तुमच्याच खाणीतला. ते मान डोलवत होते. मग कोणत्या वर्षी कुणाच्या घराचे चिरे त्या खाणीच्या कुठल्या अंगाने काढले ते सांगायला लागले, आणि जेवायची हाक येईपर्यंत सांगत राहिले. इतकं सलग त्यांना बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी वहीत उतरवत गेले. ही नोंद चित्राबरोबर लावायची नाही, पण पुढच्या दोन चित्रांत कागद कुठे ठेवायचे हे तिने ठरवून दिलं.

26 जानेवारी 2025

पाचवा झाला. बाबांनी सांगितलेल्या क्रमाने कागद सोलले. आकाराला ताल आपसूक आला. वरचा तिसरा हिस्सा जवळजवळ अस्पर्श.

सहावा कोराच ठेवायचा मोह होता, तो सोडला. कोरा कॅनव्हास ही इथे सोपी पळवाट ठरेल. ज्यातून काही काढलंच नाही त्याला पोकळी कशी म्हणणार? त्यावर थर चढवायला घेतले आहेत.

शीर्षकं देणार नाही. मागे खडूने फक्त क्रमांक आणि थरांचा क्रम. व्हार्निश घाईने नको, वर्षभर तरी रंग मोकळा राहू दे; तोवर प्रदर्शनाचं कुणाला वचन द्यायचं नाही. अर्धा भाजलेला पिवळा संपत आलाय. खाणीतलं पाणी मार्चमध्ये उतरेल तेव्हा पूर्वेच्या भिंतीतली भुकटी आणायची; बाबा म्हणाले, चांगला पिवळा त्या अंगाला आहे.